रात्री अडीच वाजता सरांना उठवायचं का?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

मॅडम, मी विदर्भातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वर्षभरापूर्वी माझी ड्युटी कॅन्सर सर्जरीच्या आयसीयूत लागली. खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) जबड्याचा कॅन्सर झालेले पेशंट आमच्याकडे कायम असतात. जबडा काढून त्या जागी पायाचं हाड आणि कातडी लावतात. त्या फ्लॅपवर दर तासाला लक्ष ठेवायचं काम आमचं. एकदा फ्लॅप निळसर वाटला म्हणून मी रात्री रजिस्ट्रार सरांना बोलावलं. काही निघालं नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘चार वर्षं शिकून एवढंही कळत नाही?’ त्यानंतर महिन्याभरात दुसऱ्या एका पेशंटचा फ्लॅप ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री अडीच वाजता मला गडद आणि फुगल्यासारखा वाटला. पण डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज चांगला येत होता. मी चार्टवर ‘किंचित निळसर’ लिहिलं आणि थांबले. सकाळी सातच्या राउंडला सांगितलं. लगेच ओटीत नेलं, शिरेत गुठळी होती. फ्लॅप वाचला नाही, छातीचा स्नायू लावावा लागला. पेशंटची बायको मला अजून म्हणते, ‘सिस्टर, तुम्ही रात्रभर जागलात.’ मला तिच्याकडे बघवत नाही. एक सहकारी म्हणते, ती नोंद बदलून टाक. चूक माझी होती का? हे नक्की कसं ओळखायचं? यासाठी मशीन असतात म्हणे, मग आम्हाला का नाहीत? आणि मी बदली मागू का?

— एक स्टाफ नर्स

सिस्टर,

आधी चार्टचं बोलते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. ती नोंद आहे तशी राहू द्या. तुम्ही हात लावू नका, मैत्रिणीलाही लावू देऊ नका. रेकॉर्डमध्ये मागाहून फेरफार केल्याने तुम्ही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकता, हे तर आहेच. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण वेगळं आहे. त्या रात्री फ्लॅपचं काय होत होतं, याचा एकमेव प्रामाणिक पुरावा म्हणजे तुम्ही लिहिलेले ते दोन शब्द. ते पुसले तर तुमच्या युनिटला यातून काही शिकायची संधीच उरणार नाही, आणि पुढच्या पेशंटच्या वेळी दुसरी कोणी सिस्टर अशीच सकाळ होण्याची वाट बघत बसेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सरळ विचारलंत, म्हणून सरळ उत्तर देते. त्या साडेचार तासांनी फरक पडला असण्याची शक्यता आहे. खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. तासाभरात ओटीत नेलेले काही फ्लॅपही हातचे जातात. पण ‘तुमचा काहीच संबंध नव्हता’ असं म्हणून मी समजूत काढली, तर ती तुम्हालाच पटणार नाही. तुम्ही पाहिलंत, ओळखलंत आणि फोन केला नाहीत. हे तुम्हाला बरोबर घेऊनच पुढे काम करावं लागेल.

मात्र फोन का केला नाहीत, तेही तुमच्याच पत्रात आहे. महिन्याभरापूर्वी फोन केला तेव्हा चारचौघांत अपमान झाला होता. त्या रात्रीचा हिशोब मांडायचा तर तो अडीच वाजल्यापासून मांडून चालणार नाही, त्या ओरडण्यापासून मांडावा लागेल. ज्या रजिस्ट्रारने तुम्हाला सुनावलं, तो कदाचित छत्तीस तास जागा असेल. त्याची दमछाक मला कळते. तरीही बोलावल्याबद्दल नर्सला झापणं ही फ्लॅपच्या युनिटमध्ये होऊ शकणाऱ्या सर्वांत महागड्या गोष्टींपैकी एक आहे. त्याची किंमत तो कधीच देत नाही. ती पेशंट देतो, आणि अर्धी तुम्ही देताय.

हा फ्लॅप इतका नाजूक का असतो, ते एकदा नीट सांगते, कारण ते कळलं की काय बघायचं तेही आपोआप कळतं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्यात झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली होती. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं होतं. त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगितली आहे: कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी लगेच कापायची नाही, साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. तोवर नव्या नाकाला जुन्याच वाटेने रक्त मिळत राहतं. तुमच्या पेशंटला शेवटी लावलेला छातीचा स्नायूही याच तत्त्वावर चालतो, त्याची मुळची रक्तवाहिनी तोडत नाहीत. पायाच्या हाडाचा फ्लॅप तसा नसतो. पिंडरीच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, त्यावरची कातडी, एक धमनी आणि सोबतच्या शिरा हे सगळं मुळापासून कापून वेगळं करतात आणि मानेतल्या धमनीला व शिरेला मायक्रोस्कोपखाली जोडतात. या हाडाने जबडा घडवायची पद्धत न्यू यॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली आणि आज जगभर ती चालते. जोडायच्या रक्तवाहिन्या एक ते तीन मिलिमीटरच्या, टाक्यांचा दोरा केसाहून बारीक. सुरुवातीचे काही दिवस त्या जोडांपलीकडे फ्लॅपला जगायला दुसरा कसलाच आधार नसतो. मग हळूहळू आजूबाजूच्या जागेतून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात.

गडबड होते ती बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि धमनीपेक्षा शिरेत जास्त. शिरेची भिंत पातळ, आतला दाब कमी. ती जराशी पिळली, तिच्यावर रक्त साचून दाब आला किंवा ट्रेकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची) नाडी मानेवर घट्ट बांधली गेली, की ती बंद होते. धमनी मात्र रक्त पाठवतच राहते. नळ चालू आहे आणि मोरीचं भोक बुजलंय, अशी ती अवस्था. म्हणून फ्लॅप फुगतो, ताठ होतो, जांभळट होत जातो. बोटाने दाबून सोडलं तर रंग परत यायला एरवी दोन-तीन सेकंद लागतात. इथे तो झटकन येतो. नव्या नर्सला वाटतं, वा, रक्तपुरवठा किती छान आहे. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असतो. सुई टोचली तर काळपट रक्त भराभर येतं.

धमनी बंद पडली तर चित्र उलटं. फ्लॅप फिका पडतो, गार लागतो, मऊ आणि सैल होतो. दाबल्यावर रंग परत येत नाही किंवा फार उशिरा येतो. सुई टोचली तर रक्त येत नाही, किंवा रक्ताऐवजी नुसता पाण्यासारखा थेंब येतो. हे ओळखायला त्यामानाने सोपं असतं. फसवते ती शीर.

त्या रात्री तुम्हाला थांबवलं ते डॉपलरने. या ठिकाणी मला तुमच्याबद्दल फार वाईट वाटलं, कारण हे कोणीतरी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. शीर बंद झाल्यावरही धमनीचा ठोका बराच वेळ, कधी काही तास, ऐकू येत राहतो. त्यात मानेत तर धमन्यांची गर्दी. पेन्सिलसारखा तो प्रोब थोडा सरकला की शेजारच्याच धमनीचा आवाज पकडतो आणि आपण निश्चिंत होतो. म्हणून सर्जनने ओटीतच टाका घालून किंवा शाईने खूण करून ठेवलेल्या जागीच प्रोब लावायचा. खूण नसेल तर ती मागायची. डॉपलर गप्प झाला तर ती आणीबाणी समजा. पण डॉपलर बोलतोय म्हणून डोळ्यांना दिसलेलं खोटं ठरत नाही. डॉपलर आणि डोळे यांचं जुळत नसेल तर डोळ्यांच्या बाजूने उभं राहायचं आणि फोन करायचा.

रंगाबद्दल थोडं. आपल्या लोकांची कातडी गव्हाळ, सावळी, कधी चांगली काळी. गोऱ्या कातडीवरून लिहिलेली वर्णनं जशीच्या तशी इथे लागू पडत नाहीत. पायाची कातडी तोंडात लावली की ती आजूबाजूच्या गुलाबी अस्तरापेक्षा वेगळी दिसणारच, त्याला घाबरू नका. दुसऱ्या पायाच्या त्याच जागेची कातडी बघा आणि तिच्याशी ताडून पाहा. दर वेळी तोच पांढऱ्या उजेडाचा टॉर्च वापरा. लाळ, रक्त, बीटाडीनचा डाग ओल्या गॉझने पुसल्याशिवाय मत बनवू नका. सावळ्या कातडीवर रंगापेक्षा फुगवटा, ताठरपणा आणि सुईचं रक्त जास्त भरवशाचं. सुई मात्र युनिटच्या पद्धतीप्रमाणेच टोचा, बारीक सुईने, रक्तवाहिनी जिथून कातडीत शिरते त्या जागेपासून लांब. दर तासाला टोचत राहिलं तर कातडीत रक्त साकळतं आणि मग कोणालाच काही कळेनासं होतं.

फ्लॅपइतकंच मानेकडे बघा. मान एका बाजूने सुजतेय का, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) अचानक भरला का, की येत होता तो अचानक थांबला? मानेत रक्त साचलं तर पहिला दाब शिरेवर येतो, आणि पेशंटचा श्वासही धोक्यात येऊ शकतो. ब्लड प्रेशर घसरलंय का, लघवी कमी झालीय का, पेशंट थंडीने कुडकुडतोय का, मान जोडाच्या बाजूला वळवून झोपलाय का, हेही त्याच फेरीत बघून होतं.

तुम्ही विचारलंत, ‘नक्की’ कसं ओळखायचं. सिस्टर, नक्की ओळखायचं काम तुमचं नाहीच. ते ओटीत, जखम उघडून, मायक्रोस्कोपखाली ठरतं. कित्येकदा सर्जनलाही उघडून बघेपर्यंत खात्री नसते. मी स्वतः फ्लॅप उघडलेत आणि आत सगळं व्यवस्थित सापडलंय. टाके घालून बाहेर आले, आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली. तुमचं काम ‘मागच्या तासापेक्षा काहीतरी बदललंय’ हे ओळखण्याचं, आणि ते तुम्ही अचूक केलं होतं. हा बदल दिसण्यासाठी मागचा तास माहीत असावा लागतो. म्हणून ड्युटी बदलताना स्टेशनवर बसून हँडओव्हर घेऊ नका. जाणारी आणि येणारी अशा दोघींनी पेशंटजवळ उभं राहून, एकाच टॉर्चने, एकत्र फ्लॅप बघायचा. ‘बरा आहे’ या शब्दांनी दोघींच्या मनात दोन वेगळी चित्रं उभी राहतात. शक्य असेल तर हॉस्पिटलच्या फोनवर दर पाळीला एक फोटो काढून ठेवा, पेशंटच्या परवानगीने आणि फक्त फ्लॅपचा. तो फोटो स्वतःच्या फोनमध्ये किंवा मैत्रिणींच्या ग्रुपवर जाता कामा नये.

वेळ का महत्त्वाची, तेही सांगते. रक्त थांबल्यावर कातडी आणि हाड साधारण चार ते सहा तास तग धरतात. स्नायू त्याहून कमी. त्यानंतर आतल्या पेशी सुजतात, अगदी बारीक केशवाहिन्या बुजतात. मग सर्जनने मोठा जोड उघडून गुठळी काढली, नवा जोड घातला, तरी रक्त आत पसरतच नाही. दहा-बारा तासांनंतर तर बहुतेक काही हाती लागत नाही. लवकर ओटीत नेलेले फ्लॅप मोठ्या संख्येने वाचतात, उशिरा नेलेले फार कमी. एका बाजूला एका डॉक्टरची अर्ध्या तासाची झोप आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा जबडा, असा हा सौदा आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

फोनवर काय बोलायचं हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे अडीच वाजता जीभ अडखळणार नाही. ‘सर, बेड चार, फिब्युला फ्लॅप, ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. दीड वाजता रंग ठीक होता, मऊ होता. आता गडद आहे, ताठ आहे, रंग एका सेकंदात परत येतोय. डॉपलर आहे. मला शीर तुंबल्याची शंका आहे. तुम्ही येऊन बघावं.’ एवढंच. शेवटचं वाक्य गाळू नका. ‘थोडं निळसर वाटतंय’ असं म्हणून थांबलात, तर पलीकडचा अर्धवट झोपेत ‘तासाभराने बघून सांगा’ म्हणून फोन ठेवणार, हे ठरलेलं. फोन कधी केला आणि काय उत्तर मिळालं, ते वेळेसकट चार्टवर लिहा. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर थेट कन्सल्टंटला, म्हणजे वरिष्ठ सर्जनला, फोन लावा. डॉक्टर येईपर्यंत मानेवरची नाडी, ड्रेसिंग, ऑक्सिजनच्या नळीचा पट्टा यातलं काही दाबतंय का ते बघा. पेशंटला तोंडाने काही जाऊ देऊ नका आणि फीडिंग ट्यूबमधलं फीडही थांबवा. ओटीत जावं लागलं तर पोट रिकामं हवं.

आणि परत कोणी ओरडलं तर? शांतपणे म्हणा, ‘सर, शंका आली म्हणून बोलावलं. परत आली तर परत बोलावेन.’ वाद घालू नका, माफीही मागू नका. सकाळी इनचार्ज सिस्टरांच्या कानावर घाला.

आता मशीनबद्दल. हो, मशीन असतात. शिरेभोवती गुंडाळायचा छोटासा डॉपलर असतो. विल्यम स्वार्ट्झ यांनी तो १९८८ मध्ये मांडला. तो थेट जोडाजवळ बसवतात, बारीक वायर बाहेर आणतात आणि काही दिवसांनी ओढून काढतात. शिरेचा प्रवाह थांबला तर तो लगेच कळवतो. फ्लॅप पूर्ण आत गाडलेला असेल, बाहेर बघायला कातडीच नसेल, तेव्हा त्याचा खरा उपयोग. दुसरं मशीन कातडीवर चिकटवायचं. ते आत प्रकाश सोडून त्या भागातल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते सतत दाखवतं. दोन्ही चांगली आहेत, दोन्ही महाग आहेत, आणि दोन्ही खोटे गजर करतात. वायर सरकली, चिकटपट्टी सुटली की तीही ओरडतात. तुमच्या हॉस्पिटलला ती परवडली तर जरूर घ्यावीत, मी त्याच्या आड येणार नाही. पण मशीन नाही म्हणून तुमचा पेशंट दुय्यम दर्जाच्या देखभालीत होता, असं मनात आणू नका. ज्या मोठमोठ्या केंद्रांत ही मशीन आहेत, तिथेही नर्सने दर तासाला येऊन डोळ्यांनी बघणं कोणी बंद केलेलं नाही. आणि विचार करा: त्या रात्री मशीन असतं आणि अडीच वाजता वाजलं असतं, तरी फोन तुम्हालाच करावा लागला असता. त्याच रजिस्ट्रारला.

पेशंटच्या बायकोचं. तिला कॉरिडॉरमध्ये एकटीला गाठून मन मोकळं करू नका. त्याने तुमचा भार हलका होईल, तिचा वाढेल. काय घडलं, कधी लक्षात आलं, कधी ओटीत नेलं, हे समजण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि ते सांगणं मुख्य सर्जनचं काम आहे. त्यांच्याकडे जा आणि स्वतः सांगा: ‘मला अडीचला दिसलं होतं, मी सातला सांगितलं, आणि मी का थांबले ते हे.’ हे बोलणं जड जाईल. इनचार्ज सिस्टरांना सोबत न्या. चांगला सर्जन ते ऐकून आधी रजिस्ट्रारला बोलावेल, मग युनिटच्या मीटिंगमध्ये ही केस ठेवेल. सर्जन तसा नसेल तर मेट्रनकडे लेखी द्या.

त्या पेशंटसाठी अजून करण्यासारखं बरंच आहे, हेही विसरू नका. छातीचा स्नायू सहसा भरवशाने भरून येतो. ते आता फार गरजेचं आहे, कारण त्याला रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. जखम स्वच्छ ठेवणं, नळीने पुरेसं खाणं देणं, मान-खांद्याचा व्यायाम करून घेणं, यातल्या प्रत्येक गोष्टीने ती तारीख गाठायला मदत होते. हाड नसल्याने जबडा एका बाजूला सरकेल, चावायला त्रास होईल. फिजिओथेरपी लवकर सुरू करायला सांगा. पुढे, कॅन्सर परतला नाही आणि तब्येत साथ देत असेल, तर हाड बसवायचा विचार पुन्हा करता येतो. आणि खर्रा. घरचे लोक लपवून आणून देतात, तुम्हाला माहीतच आहे. बायको तुमचं ऐकते. तिच्याशी त्याबद्दल बोलायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही.

बदली मागू नका, निदान आता तरी. शीर तुंबलेला फ्लॅप कसा दिसतो हे ज्या नर्सने डोळ्यांनी पाहिलंय आणि जी तो कधी विसरणार नाही, ती त्या आयसीयूत असणं मला पुढच्या पेशंटच्या दृष्टीने हवं आहे. पण एक अट घाला. कोणत्या खुणा दिसल्या की कोणाला फोन करायचा, किती मिनिटांत यायचं आणि न आल्यास पुढे कोणाला सांगायचं, हे एका कागदावर युनिटच्या प्रमुखांच्या सहीने लिहून मागा. इनचार्ज सिस्टरांमार्फत मागा, सगळ्या नाईटच्या सिस्टरांच्या सह्या घेऊन मागा. तो कागद भिंतीवर लागला की बोलावणं हा तुमचा आगाऊपणा राहत नाही, नेमून दिलेलं काम होतं. महिना-दोन महिन्यांत तसा कागद मिळाला नाही, सही करायला कोणी तयारच झालं नाही, तर बदलीचा अर्ज खुशाल करा आणि कारण म्हणून हेच लिहा.

पुढच्या नाईटला जाण्याआधी एवढं करा: कन्सल्टंटचा थेट नंबर मागून घ्या आणि प्रत्येक फ्लॅपच्या चार्टच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.